भात पिकलं, भात शिजला

“शीफू, राइस फिनिश!”

माझा मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा मदतनीस, गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हे म्हणाला तेव्हा आमचं जहाज हिंदी महासागराच्या मध्यावर होतं. साल २००४. ब्राझीलच्या तुबाराव बंदरात लोहखनिज भरून चीनमधल्या चिंगदावला निघालो होतो. आफ्रिकेचं टोक मागे पडून आठवडा झाला होता आणि पुढे तीन आठवडे बंदर नव्हतं. बोटीवर २२ माणसं. निम्मी चिनी, बाकीची आपली आणि फिलिपिनो, म्हणजे तिन्हीकडची भात खाणारीच. दिवसाला आठ-नऊ किलो तांदूळ लागायचे. चीफ कूक मी, म्हणून तो मला ‘शीफू’, म्हणजे उस्ताद, म्हणायचा. तांदूळ संपले म्हटल्यावर पोटात गोळाच आला. हातातला झारा टाकला आणि प्रोव्हिजन स्टोअरकडे धावलो. पंचवीस किलोची दहा पोती, सकाळी होती तशीच रचलेली. पाणी शिरलेलं नाही, काही नाही.

परत आलो तर पोरगा राइस कुकरचं रिकामं भांडं हातात धरून तिथेच उभा. दुपारचा भात संपला होता आणि इंजिनरूममधून वर यायच्या दोघांना वाढायचा राहिला होता. तेवढंच सांगायला तो आला होता.

मी त्याच्यावर ओरडलो. रात्री दुसऱ्या दिवशीच्या पावाचं पीठ मळत असताना मात्र ते मनाला लागून राहिलं. त्याचं काय चुकलं होतं? “तांदूळ संपले” आणि “भात संपला”, आपल्याकडे शेंबडं पोरही या दोन वाक्यांत गोंधळ करणार नाही. पहिलं ऐकून घरचा माणूस दुकानाकडे जातो, दुसरं ऐकून बाई पुन्हा चुलीवर आधण ठेवते. पण आम्हा दोघांना जोडणारी भाषा इंग्रजी, तीही बोटीवरची मोडकी, आणि तिच्यात दोन्हींना एकच शब्द.

मी दापोली तालुक्यातला, आंजर्ल्याच्या खाडीकाठचा. वडिलांची भाताची चार खाचरं होती, ती आता धाकटा भाऊ करतो. मेसमन हुनान प्रांतातल्या खेड्यातला, वय चोवीस, त्याच्याही घरी भातशेती. दुसऱ्या दिवशी कांदे सोलायला बसलो तेव्हा मी त्याला म्हटलं, कालचं सोड, तुमच्यात याला काय म्हणतात ते सांग. त्याने अंड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्कर घेतला आणि त्यावर एकाखाली एक तीन अक्षरं काढली.

पहिलं ‘ताओ’. ते काढल्यावर तो कमरेत वाकला आणि चिखलात रोपं खोचल्यासारखं करून दाखवलं. शेतातलं उभं पीक, लोंबीतलं, तुसासकटचं. दुसरं ‘मी’. पोत्यावर हात मारून दाखवलं. तिसरं ‘फान’. त्यासाठी कुकरचं झाकण उघडलं, वाफ आली.

तीन अक्षरं, तीन उच्चार, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. चिनी मूल शाळेत इंग्रजी शिकायला बसतं तेव्हा या तिघांसमोर त्याला एकच शब्द लिहावा लागतो, राइस. तो म्हणाला, लहानपणी वाटायचं की मास्तरांनी उरलेले दोन शब्द पुढच्या वर्षासाठी ठेवले आहेत. शेतातल्याला इंग्रजीत ‘पॅडी’ असा शब्द आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितला, आणि तोही मुळात इंग्रजी नाही, मलय भाषेतल्या ‘पादी’वरून घेतलेला.

‘मी’ ऐकून मला हसू आलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मराठीत ‘मी’ म्हणजे हा. तेव्हापासून सकाळी पोतं उघडताना तो पोत्याकडे बोट करून “मी” म्हणायचा, मग माझ्याकडे बोट करून “मी”. त्याचं अक्षर मला एका दिवसात पाठ झालं. अधिकाचं चिन्ह काढायचं आणि चारही कोपऱ्यांत एकेक छोटा फटकारा मारायचा. पुढे दोन दिवसांनी डेकवर गेलो तर नव्या दोरखंडाच्या वेष्टनावर तेच अक्षर, त्याच्या आधी २२० आकडा. दोरखंडात तांदूळ कसले? डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन, त्याने सांगितलं, ती लांबी आहे. चिनी भाषेत मीटरलाही ‘मी’च म्हणतात, अक्षरही तेच.

पण या शब्दाचं खरं रूप मला कळलं ते सोड्यांमुळे. बायको दर खेपेला बॅगेत सोड्यांचा डबा घालायची. हर्णे-आंजर्ल्याकडे कोलंबी सोलून वाळवतात, ते सोडे. महिन्यातून एकदा मी आपल्या माणसांसाठी सोड्यांची खिचडी करायचो. त्या दिवशी डबा उघडला तसा मेसमन वास घेत जवळ आला, एक सोडा बोटात धरला आणि म्हणाला, “श्या मी!” श्या म्हणजे कोलंबी. कोलंबीचे तांदूळ? मला काही कळेना. मग त्याने एकामागून एक नावं सांगितली. शेंगदाणे सोलले की ‘ह्वाशंग मी’. मका ‘यू मी’. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टरफल काढल्यावर आत राहतं ते ‘मी’. तांदूळ म्हणजे सोललेलं भात, सोडे म्हणजे सोललेली कोलंबी. न सोलता वाळवलेला बारीक जवळा असतो ना, त्याला त्यांच्याकडे ‘श्या पी’ म्हणतात, कोलंबीची साल. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका सोडे आणि जवळा एका पाटीत कधी ठेवायच्या नाहीत, आणि तिकडच्या किनाऱ्यावर त्यांची नावंही तशीच वेगवेगळी. हुनान समुद्रापासून फार आत, पण सुकी कोलंबी त्याच्या आईच्या स्वयंपाकात असायची.

याच शब्दावरून मी एकदा शांतुंग प्रांतातल्या ऑइलरला, म्हणजे इंजिनरूममधल्या खलाशाला, उपाशी ठेवलं होतं. त्याला ताप होता. निरोप आला, “स्मॉल राइस, सूप.” छोटा तांदूळ म्हणजे कणी, आणि आजारी माणसाला कणीची पेज, यापलीकडे कोकणी माणसाला काय सुचणार? मीठ घालून, वर तुपाचा थेंब सोडून छान पेज पाठवली. ती तशीच परत आली. त्याला हवं होतं ‘श्याओ मी’. शब्दाचा अर्थ छोटा तांदूळ, पण वस्तू आपला राळा. उत्तर चीनमध्ये आजारी माणसाला आणि बाळंतिणीला त्याचीच पातळ पेज देतात. तिकडे राळ्याला ‘छोटा मी’ म्हणतात म्हणून तांदळाला ‘मोठा मी’, ‘ता मी’ म्हणावं लागतं. आज आमच्या गावात निम्म्या लोकांच्या खिशात शाओमीचा फोन आहे. तो शब्द हाच, राळा.

आषाढी एकादशीला मी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली, तेव्हा तो ऑइलर बरा होऊन मेसमध्ये बसला होता. त्याने ताटात वाकून पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तसा उजळला. रंग पिवळा नव्हता, धान्यही अगदी ते नव्हतं, पण जात तीच. मी त्याला सांगितलं, आम्हीही याला तांदूळच म्हणतो. वरी सडून निघाली की वरीचे तांदूळ. त्याने दोनदा मागून घेतले. त्या दिवशी मला वाटलं, इंग्रजीत आम्ही एकमेकांना समजत नव्हतो, आणि आपापल्या भाषेत मात्र एकच गोष्ट बोलत होतो.

‘फान’चा पसारा तर आणखी मोठा. सकाळी भेटल्यावर मेसमन विचारायचा, “शीफू, यू ईट राइस?” मी खरं ते सांगायचो, नो, चपाती. त्यावर त्याचा चेहरा पडायचा. कितीतरी दिवसांनी कळलं की तो भाताचं विचारतच नव्हता. ‘छी फान’ म्हणजे फान खाणं, म्हणजेच जेवणं. नाश्ता म्हणजे सकाळचा फान, रात्रीचं जेवण म्हणजे संध्याकाळचा फान. “फान खाल्लास का” हे आपल्या “जेवलास का” सारखं मायेचं विचारणं. मी रोज “नाही” म्हणत होतो आणि हा पोरगा माझ्यासाठी रोज एक उकडलेलं अंडं झाकून ठेवत होता. अंडं का ठेवतो ते मी कधी विचारलं नव्हतं. ते कळल्यावर मला फार भरून आलं. दक्षिण कोकणात शेतावरच्या माणसांना “पेजेक येवा” म्हणून हाक मारतात, तेव्हा पानात पेजेबरोबर आणखी काही असलं तरी हाक पेजेचीच असते. तसंच हे.

त्याचे वडील सरकारी कारखान्यात होते. ती नोकरी सुटली, त्याबद्दल सांगताना तो म्हणाला, आमचा लोखंडी वाडगा फुटला. कायमच्या नोकरीला त्यांच्याकडे ‘लोखंडी फानचा वाडगा’ म्हणतात. आणखी एक म्हण त्याने सांगितली ती तर मला त्याच क्षणी मराठीत ऐकू आली. जे घडून गेलं ते आता परत फिरायचं नाही, यासाठी ते म्हणतात, कच्च्या ‘मी’चा शिजून ‘फान’ झाला. तांदळाचा भात झाला. हे इंग्रजीत सांगायला गेलं तर राइसचा राइस झाला. त्यात काय राहिलं? आमच्या सेकंड ऑफिसरने कौतुकाने तसं करून पाहिलं, आणि म्हणीतली धग निघून गेली. तांदूळ आणि भात हे दोन शब्द नसतील तर मधला विस्तवही दिसत नाही.

एका रात्री तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, “माय हुनान, वन बिग मॅन. मेक राइस. ऑल चायना ईट.” मी विचारलं, कुठल्या हॉटेलात आहे? मला वाटलं कुणी नावाजलेला आचारी. तो पोट धरून हसला आणि मग गंभीर झाला. तो माणूस म्हणजे युआन लोंगपिंग. हुनानमधल्या आनच्यांगच्या शेतकी शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संकरित भातावर काम सुरू केलं. भाताचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं, म्हणून दोन जातींचा संकर मोठ्या प्रमाणावर करता येत नव्हता. ज्याचा पराग वांझ आहे असं रोप हवं होतं. ते त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० मध्ये हायनान बेटावर रानभातात सापडलं, आणि १९७३ पर्यंत संकरित जाती उभ्या राहिल्या. १९६० च्या आसपासचा दुष्काळ मेसमनच्या आजीने पाहिला होता. तिच्या घरी युआन यांचं नाव देवासारखं घेत. ‘मेक राइस’ हे त्याने बरोबरच म्हटलं होतं. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर ‘ताओ’ होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ‘फान’. मे २०२१ मध्ये युआन गेल्याची बातमी फोनवर वाचली तेव्हा मी ओटीवर बसलो होतो. समोर भाऊ पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या मोजत होता. त्यात एक संकरित ‘सह्याद्री’ची होती, आपल्या कर्जतच्या संशोधन केंद्रात तयार झालेली. मी त्याला हुनानच्या त्या मास्तरांची गोष्ट सांगितली. त्याने पिशवी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकली.

आता माझ्या चुकीविषयी. हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळेच.

तीन अक्षरांचा तो पुठ्ठा पुढे मेसमध्ये चिकटवला होता आणि जेवताना ज्याने त्याने आपापले शब्द त्याच्यापुढे लावले. फिलिपिनो बोसन म्हणाला, आमच्यात पालाय, बिगास, कानिन. चिनी अक्षरांना अगदी समोरासमोर. गोव्याचा फिटर म्हणाला, भात, तांदूळ, शीत. शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात शीत. तेही नेमके तीन. माझी पाळी आली. मी सांगितलं, शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात पुन्हा भात.

मेसमन थांबला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, मग तिसऱ्यावर. “सेम?” मी म्हटलं, सेम. त्याला ते पटेना. मधली पायरी वेगळी आणि दोन्ही टोकं एक, असं कसं? तुम्ही लोक शेतात उभे राहून “भात” म्हणता तेव्हा जेवायला बोलावलंय की कापायला, कसं कळतं? फिटरने मला चिडवलं. मी म्हटलं, कळतं. कसं ते सांगता येईना. मग मीच आमची भाषा जराशी अपुरी आहे असं कबूल करून टाकलं. चार भाषांच्या माणसांसमोर केलेली ती कबुली मला वर्षानुवर्षं खुपत राहिली. घरी आल्यावर शोधलं तेव्हा एवढं कळलं की भात हा शब्द संस्कृत ‘भक्त’ वरून आला, भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न. म्हणजे शब्द ताटातून निघून उलट शेतात गेला. आणि आपलं ‘शीत’ही मेलेलं नाही, असतील शितं तर जमतील भुतं म्हणतोच की आपण. फक्त ते एका दाण्यापुरतं उरलं. मेसमनकडे त्यालाही वेगळा शब्द होता, ‘फान ली’, ओठाला चिकटलेलं शीत. इंग्रजीत याला काय म्हणायचं हे आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नवान्न पौर्णिमा झाली, दारावर नवं बांधून झालं, आणि परतीचा पाऊस काही परतेना. कापलेलं भात कसंबसं खळ्यात आणून झोडलं होतं आणि वाळत घातलं होतं. दुपारी दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. भावाची बायको मागच्या दारातून ओरडली,

“भाऊजी, पाऊस येतोय, भात भिजंल, ते आधी आत घ्या! नि भात झालाय, तो गरम हाय तवर जेवून घ्या!”

मी ताडपत्रीचं टोक हातात धरून तसाच उभा राहिलो. ते आत घ्या. तो गरम आहे.

ते भात. तो भात. भात भिजतं, भात शिजतो. भात पिकलं, भात उतू गेला. आयुष्यभर बोलत आलो आणि कधी कानाला जाणवलं नाही. आई पहाटे घिरटावर बसायची तेव्हा “भात भरडलं” म्हणायची आणि दुपारी “भात केला”. तिने एकदाही उलटं म्हटलेलं मला आठवत नाही. लिंग बदलतं. शेतातलं नपुंसकलिंगी, ताटातला पुल्लिंगी. नंतर शब्दकोशात पाहिलं, तिथेही दोन्ही वेगळी दिलेली आहेत. आणि मधले तांदूळ? ते अनेकवचनी. तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, तांदूळ संपले. आईला जात्या-उखळापाशी एकेक दाणा दिसत होता म्हणून ते अनेक. शिजले की मिळून तो एक भात.

चिनी भाषेत लिंग नाही, अनेकवचनाचा प्रत्ययही तांदळाला लागत नाही. म्हणून तिथे तीन वेगळे शब्द लागले. आपल्याकडे शब्द दोन असले तरी क्रियापदाच्या शेपटीत तिसरा ठेवलेला आहे. आमची भाषा अपुरी नव्हती. मी नीट ऐकलं नव्हतं.

भावजय पुन्हा ओरडली तेव्हा भानावर आलो. भाऊ आणि मी मिळून भात गोळा केलं, पोत्यांत भरलं, पडवीत ओढलं. शेवटचं पोतं आत गेलं आणि सर आली. मग हात धुवून भात जेवलो.

मेसमन चिंगदावला साइन ऑफ झाला होता. काही वर्षं नवीन वर्षाला निरोप यायचा, मग त्याचा नंबर बदलला, माझाही बदलला. उतरताना तो पुठ्ठा त्याने मला दिला होता. माझ्या सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तिकेच्या पाकिटात तो अजून आहे, शाई थोडी पुसट झालेली. त्या संध्याकाळी पेटीतून काढला आणि त्याच्या तीन अक्षरांसमोर पेनाने लिहिलं:

पिकलं.
सडले.
शिजला.